८७ हजारांचा गेमिंग पीसी, तीन महिने वापरून झाल्यावर

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या चार दिवस आधी, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून तयार गेमिंग पीसी घेतला, नुसता सीपीयू, म्हणजे आतल्या सगळ्या पार्ट्ससकट खोका, ८७ हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं वेगळं. आत प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० आठ जीबीवालं, १६ जीबी डीडीआर५ रॅम, एक टीबी एसएसडी. पैसे वसूल झाले का, तर झाले, पण त्यात दुकानदाराचं काही श्रेय नाही आणि माझ्या अकलेचं तर अजिबातच नाही, ते कसं ते खाली येईलच.

माझा जुना पीसी २०१६ चा, प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय५ आणि कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. घरून क्लासवाल्यांचे आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, रात्री धाकट्या भावाबरोबर व्हॅलोरंट हा गेम खेळते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालत नाही, हे कारण मला आयतं मिळालं. अजून एक वर्ष सिक्युरिटी अपडेट घेता येतात हे मला माहीत होतं, आईला माहीत नव्हतं. आई म्हणाली, पूर्वी एवढ्या पैशात सोनं आलं असतं, आता तोळासुद्धा येत नाही म्हणून मी गप्प बसते. खरंय, तोळा तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होता, त्यामुळे त्या वादात मी पहिल्यांदाच जिंकले.

बरेच जण सप्टेंबरात थांबले होते, मीही थांबले होते, की २२ तारखेपासून जीएसटी कमी होतोय तर कॉम्प्युटर स्वस्त होईल. झाला नाही. कॉम्प्युटर आणि पार्ट्सवर आधीपासून १८ टक्केच होता आणि तो तसाच राहिला, कमी झाला तो ३२ इंचाच्या वरच्या टीव्ही-मॉनिटरवरचा. महिना फुकट गेला.

दुकानाचं. काचेवर पोस्टर, त्यावर तीनच गोष्टी मोठ्या अक्षरात: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम. मदरबोर्ड कुठला, सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा एसएमपीएस कुठला विचारलं तर 'स्टँडर्ड है मॅडम'. आता स्टँडर्ड नावाची कंपनी मला तरी ठाऊक नाही, म्हटलं बॉक्स दाखवा, तेव्हा कळलं की बोर्ड ए६२० चा आहे, म्हणजे हा प्रोसेसर ज्या एएम५ सॉकेटमध्ये बसतो त्यातला सगळ्यात स्वस्त चिपसेट. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, ७६०० सारख्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरतो, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या स्पीडच्या वर पळवणं, मला करायचं नाही, आणि एएम५ सॉकेटला एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देणार म्हणून सांगितलंय, त्यामुळे उद्या प्रोसेसर बदलायची सोय राहते. पण किंमत ए६२० ची लावा ना मग, त्याच्या वरच्या बी६५० ची कशाला.

एसएमपीएस मात्र हातात घेतला आणि मी काउंटरवरच अडून बसले. इतका हलका की आत पंखा आणि हवा एवढंच असावं. स्टिकरवर ५५० वॉट असं झोकात छापलेलं, वीज फार वाया घालवत नाही हे सांगणारं ८० प्लसचं चिन्ह कुठे नाही, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर देतो ते लिहायची जागा चक्क कोरी. पीसीचा बहुतेक लोड त्या १२ व्होल्टवर असतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच खातात, म्हणजे लिहायला पाहिजे तेच नाही. ५०६० तसं १४५ वॉटचंच कार्ड आहे, एनव्हिडिया स्वतः ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा म्हणते, पण तो खरा ५५० वॉटचा पाहिजे. असला एसएमपीएस एकटा जात नाही, जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो, आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा गेलाय, मे महिन्यात, धूर येऊन. शेवटी ८० प्लस ब्रॉन्झ रेटिंगचा, पाच वर्षं वॉरंटीचा बदलून घेतला, १,८०० वर दिले. पोस्टरवर ८८,५०० होते, घासाघीस करून ८५,२०० वर आणले होते, त्यात हे १,८०० मिळवून ८७ हजार.

मग काउंटरवरचा पोरगा हळूच म्हणाला, पक्कं बिल नको असेल तर अजून बघता येईल. नको. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम या सगळ्यांची वॉरंटी कंपनीची असते, तीन वर्षं किंवा जास्त, आणि सर्व्हिस सेंटरला गेलात की पहिलं बिल मागतात. दुकानाचं 'एक वर्ष वॉरंटी' म्हणजे कॅबिनेटवर चिकटवलेला चांदीच्या रंगाचा स्टिकर, फाटला तर वॉरंटी गेली म्हणे. म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी एका वर्षावर आणून वर मलाच दम. मी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घेतला, रिकामे बॉक्स पण मागून घेतले, तो वैतागला पण दिले. विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करून देतो म्हणाला त्यालाही नको म्हटलं, क्लायंटचे व्हिडिओ असतात माझ्याकडे, कुठलातरी क्रॅक चालवायची भीती वाटते, लायसन्सच्या जुगाडाचं वेगळं बघितलं.

आणि आता ती चूक जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. रॅम १६ जीबी, पण एकच स्टिक. मला माहीत होतं की आठ-आठच्या दोन किंवा सोळा-सोळाच्या दोन पाहिजेत, ड्युअल चॅनेल, प्रोसेसर आणि रॅममध्ये एकाऐवजी दोन रस्ते. तो म्हणाला, 'अभी एक ही रखो मॅडम, बाद में एक और डाल लेना, ३२ हो जायेगा.' पटलं मला. तेव्हा स्टिक ४,८०० ची होती. म्हटलं जानेवारीत एखादं मोठं काम आलं की घेऊ.

आणायचा प्रकार वेगळाच. ग्राफिक्स कार्ड मी सुट्टं करून घेतलं, कारण लोकलच्या धक्क्यांनी कार्ड स्लॉटमध्ये लटकून वाकतं, ते त्याच्या बॉक्समध्ये माझ्या बॅगेत, आणि कॅबिनेटचा खोका धाकट्याकडे. टॅक्सीवाला मुलुंडचं नाव काढल्यावर तोंड फिरवून गेला. मग ग्रँट रोडवरून स्लो पकडून दादर, तिथून सेंट्रलला लगेजच्या डब्यात. दिवाळीआधीचं दादर म्हणजे डब्यात झेंडूची पोती रचलेली, एका काकांनी पोतं सरकवून खोक्याला जागा करून दिली आणि विचारलं टीव्ही का, मी म्हटलं कॉम्प्युटर, म्हणाले केवढ्याचा, मी म्हटलं चाळीस. घरीपण आईला आधी सत्तरच सांगितलेले, नंतर बिल तिच्या हाताला लागलं ती गोष्ट वेगळी. तीन महिने झाले तरी कॅबिनेटच्या खालच्या जाळीतून झेंडूच्या पाकळ्या निघतायत.

पहिल्या रात्री रडायची वेळ आली. धाकट्यानं कार्ड बसवलं, केबल लावली, मॉनिटर लावला, चालू झालं, रंगीत दिवे बिवे सगळं, आणि सायबरपंक हा गेम लावला तर फोटोंचा अल्बम उलटतोय असं. व्हॅलोरंट जुन्या पीसीपेक्षा कमी चाललं. ८७ हजार. रात्री एक वाजता मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या, धाकटा म्हणे कार्ड डुप्लिकेट दिलं ताई. सकाळी चहा घेताना मागे वाकून बघते तर एचडीएमआयची केबल बोर्डाच्या पोर्टात. म्हणजे ग्राफिक्स कार्ड खाली नुसतं बसून होतं आणि ७६०० च्या आतलं ते चिमुकलं ग्राफिक्स, जे फक्त डेस्कटॉप दाखवण्यापुरतं असतं, ते बिचारं रात्रभर सायबरपंक ओढत होतं. केबल खाली, आडव्या पोर्टांपैकी एकात लावायची असते. ड्रायव्हरसुद्धा टाकला नव्हता. दुकानदाराच्या सातपैकी चार पिढ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. तीन पिढ्या तशाच ठेवल्या, कारण पुढचं त्याच दिवशी कळलं.

टास्क मॅनेजर उघडला तर रॅमचा स्पीड ४८००. बिलावर ६०००. हा फसवणुकीचा प्रकार नाही, बहुतेक ठिकाणी असंच असतं, डीडीआर५ रॅम आपणहून कमी स्पीडला चालू होते, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सपो नावाचं प्रोफाइल ऑन केलं की छापलेला स्पीड मिळतो. पण ते दुकानानं करून द्यायला पाहिजे ना, तयार पीसी म्हणून विकताय तर. दोन मिनिटांचं काम. मॉनिटरचं पण तेच, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, घेतला आणि विंडोजमध्ये ६० वरच सेट, कित्येक लोक वर्षभर तसेच वापरत असतील आणि म्हणत असतील काही फरक नाही बुवा. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन बदला, आत्ताच जाऊन बघा, मी थांबते.

हे सगळं झाल्यावर मशीन खरंच पळायला लागलं. माझा मॉनिटर २४ इंची, १०८० पी. सायबरपंक अल्ट्रावर, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचं जड काम) बंद, ७५ एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेमच्या आसपास, डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करणारी एनव्हिडियाची युक्ती) क्वालिटीवर टाकलं की शंभरच्या पुढे. व्हॅलोरंट अडीचशेच्या खाली क्वचित, तिथे अडचण माझ्या नेमाची आहे, मशीनची नाही. मल्टी फ्रेम जनरेशन ऑन केलं की आकडा दोनशेच्या वर जातो आणि दुकानात डेमो देताना हेच दाखवतात, पण मधल्या फ्रेम कार्डानं कल्पनेनं काढलेल्या असतात, माऊस हलवल्यावर हाताला जे जाणवतं ते मूळच्या फ्रेमचंच. मूळचे ७० असतील तर छान वाटतं, मूळचे ३० असतील तर डोळ्याला लोणी आणि हाताला चिखल. म्हणून कुणी २०० एफपीएस दाखवले तर फ्रेम जनरेशन बंद करून दाखवा म्हणायचं.

आठ जीबी व्हीरॅमचं, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचं, सगळे घाबरवतात, आणि ते पूर्ण चुकीचं नाही. १०८० पी ला बहुतेक ठिकाणी चालतं, एक-दोन नव्या गेममध्ये टेक्स्चर अल्ट्रावर ठेवलं की सरावाचा माणूस अचानक अडखळल्यासारखे झटके बसतात, हायवर आणलं की जातात. १४४० पी चा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर ५०६० टीआयचं सोळा जीबीवालं बघा, तेव्हा ते बारा-पंधरा हजारांनी महाग होतं. माझ्याकडे ते बारा-पंधरा हजार नव्हते, म्हणजे होते, पण एसी सर्व्हिसिंग आणि धाकट्याची फी त्यात होती. एडिटिंगला मात्र या कार्डानं जीव वाचवला, दहा मिनिटांचा फोर-केचा व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला जुन्यावर पाऊण तास जायचा, आता चहा उकळेपर्यंत होतो.

कॅबिनेटवर माझा राग आहे. समोरून काच, बाजूनं काच, माशांच्या टाकीसारखं, आत तीन पंखे रंग बदलत फिरतायत पण समोर काच असल्यावर हवा घेणार कुठून, बाजूच्या बोटभर फटीतून. ऑक्टोबरातल्या उकाड्यात प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या कूलरवर तापमान ८८-९० पर्यंत. एएमडीची मर्यादा ९५ आहे त्यामुळे जळत बिळत नाही, पण पंखा इतका ओरडायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची मिक्सर लावलास का. १,६०० चा टॉवर कूलर घेतला, आता सत्तरीत असतं. कॅबिनेट घेताना जाळीचं तोंड असलेलंच घ्या, मुंबईत तरी. आणि धूळ, आमच्या इथे एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चाललंय त्यामुळे पंधरा दिवसांत जाळीवर पिठाची चाळणी झालेली असते, जुना टूथब्रश त्यासाठीच ठेवलाय.

तर एकूण खर्च बघा: सीपीयू ८७,०००, मॉनिटर ९,८००, कीबोर्ड-माऊस २,४००, यूपीएस ३,१००, कूलर १,६००. झाले १,०३,९००. पोस्टरवरच्या आकड्यात आपण घरी पोचत नाही, हे धरूनच दुकानात जा. लाइट बिल लोक विचारतात, ते त्या मानानं किरकोळ आहे, खेळताना सगळं मिळून ३०० वॉट धरा, रोज तीन तास, महिन्याला २७ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तर २७० रुपये.

आणि मी जो हिशोब आधी करायला पाहिजे होता तो घेतल्यानंतर केला, त्याच रस्त्यावरच्या भावांनी. प्रोसेसर १७,५००, बोर्ड ७,८००, रॅम ४,८००, कार्ड ३१,०००, एसएसडी ५,२००, एसएमपीएस ४,६००, कॅबिनेट ४,०००. बेरीज ७४,९००. मी दिले ८७ हजार. म्हणजे १२,१०० रुपये जोडणीचे, आणि तिथलाच जोडणारा हजार-दीड हजारात जोडून देतो. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते, तेही कार्डासाठी.

पण मग नोव्हेंबर आला आणि रॅमचे भाव चढायला लागले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते ती अफाट, जगातली बहुतेक रॅम बनवणाऱ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांना आपल्याला एक-एक स्टिक विकण्यापेक्षा तिकडे विकणं परवडतं. डिसेंबरात मायक्रॉननं तर क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. माझी ४,८०० ची स्टिक डिसेंबरच्या शेवटी विचारली तर साडेचौदा हजार. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. एसएसडीपण नऊच्या पुढे. म्हणजे माझ्याच मशीनचे सुटे पार्ट तेव्हा ८८-८९ हजारांना पडत होते आणि मी त्याहून स्वस्तात तयार घेऊन बसले होते. हे आकडे दाखवून धाकटा म्हणतो ताई तू हुशार. हुशार कसली, दुकानदारानं मला बारा हजारांना टोपी घातली आणि बाजारानं ती परत माझ्या हातात ठेवली, एवढंच झालं.

दुसरी स्टिक मात्र राहिली ती राहिलीच. एका मैत्रिणीची रविवारभर आणून लावून बघितली, सरासरी एफपीएस थोडा वाढला, पण मधूनमधून जे खाली पडायचे ते पंधरा-वीस टक्क्यांनी सुधारले, आणि खेळताना खुपतं तेच. संध्याकाळी स्टिक परत दिली तेव्हा दिवाळीचे पाहुणे गेल्यासारखं झालं.

आज घ्यायचा का विचाराल तर, जुनं चालत असेल आणि फक्त गेमच खेळायचे असतील तर मी या भावात नवीन पीसी घेणार नाही. प्लेस्टेशन ५ डिस्कवालं मी बघितलं तेव्हा ५४,९९० ला होतं, टीव्ही घरात असतोच. गेम तिकडे महाग पडतात, इकडे पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचे सेल आणि तसल्याच एपिकवर दर गुरुवारी फुकट गेम, पण सुरुवातीचाच फरक पन्नास हजारांचा असेल तर ते भरून यायला बरेच गुरुवार लागतील. आणि जीटीए सिक्स या येणाऱ्या गेमसाठी पीसी घेणाऱ्यांनी तर थांबाच, १९ नोव्हेंबर २०२६ ची तारीख जाहीर झालीय ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजची, पीसीचं त्यात नाव नाही. एडिटिंगसारखं पोटापाण्याचं काम असेल तर मात्र घ्या, सुटे पार्ट लिहून, भाव काढून, आणि रॅमच्या दोन स्टिक पहिल्याच दिवशी, बोर्ड साधा चालेल.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानातून फोन आला. तोच पोरगा. मला वाटलं वॉरंटीचं काही असेल. म्हणाला, मॅडम तुमची ती सोळाची स्टिक विकायची आहे का, सात हजार रोख देतो. मी म्हटलं अरे एकच आहे, ती दिली तर पीसी चालू कसा करू? तर म्हणाला, 'बाद में डाल लेना ना.'